शेऱ्याचा रकाना

लिपोवा,
सोमवार, २३ जानेवारी २०१७

प्रिय मिलाताई,

येशू ख्रिस्ताची स्तुती असो. तू यावर "सदासर्वदा" म्हणणार नाहीस हे ठाऊक आहे, पण पत्राची सुरुवात दुसरी कशी करतात ते मला कुणी शिकवलेलं नाही. तू, रिशार्द आणि कलिना खुशाल असाल. इकडे आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, तरी रोज सकाळच्या मिस्सेला पहिल्या बाकावर हजर असते आणि माझं प्रवचन लांबलं की काठी आपटते. एक्याऐंशी पूर्ण झाली तिला.

सात वर्षांत तुला पाठवलेलं हे पहिलं पत्र. लिहिलेली बरीच आहेत, पोस्टात पडलेलं पहिलं. नाताळची भेटकार्डं मी धरत नाही, त्यांवर सगळं आयतं छापलेलं असतं.

बातमी अशी की तुझा धाकटा भाऊ धर्मप्रांतभर गाजतोय. डिसेंबरात आमच्या नगरसभेपुढे ठराव होता : ज्यांना मूल होत नाही त्यांच्या आयव्हीएफच्या खर्चातला काही भार नगराने उचलावा. मी गळ्यात पांढरी पट्टी घालून गेलो आणि ठरावाच्या बाजूने बोललो. मग खाटीक वित्कोव्स्की उठला. तो आता नगरसेवक आहे.

"फादर, चर्च सांगतं एक आणि तुम्ही बोलताय भलतंच. आम्ही ऐकायचं कुणाचं?"

"चर्च काय सांगतं ते मला पाठ आहे," मी म्हणालो. "तुमच्या पोरांना मीच ते शिकवलंय. आज शिकवायला आलो नाही, मत मागायला आलोय."

ठराव आठ विरुद्ध सात असा पास झाला. आठवा हात वित्कोव्स्कीचा. त्याच्या घरात काय चाललंय ते मी लिहिणार नाही. लिहू नये एवढं मी शिकलोय, उशिरा का होईना.

साप्ताहिकात माझा फोटो आला, पोटासकट. तेव्हापासून औषधवालीण बाई मला रस्त्यात पाहिलं की पलीकडच्या फुटपाथवर जाते. पण मामला नुसता त्या एका भाषणाचा नाही. तीन वर्षं झाली, दर शनिवारी दुपारी मी धर्मग्रामाच्या हॉलमध्ये अशा जोडप्यांना बोलावतो. कुणी वाट पाहणारे, कुणी उपचार घेणारे, कुणी बाळ घेऊन येणारे. पहिल्यांदा तीन जोडपी आली होती, आता एकोणीस येतात. मी बाळांना आशीर्वाद देतो आणि आयांना सांगतो की तुम्ही केलंत त्याची कबुली द्यायला माझ्याकडे येऊ नका, कारण ते पाप आहे असं मी मानत नाही.

चर्च काय म्हणतं ते तुला माझ्याहून जास्त सोसावं लागलंय. मूल देवाचं, त्याला बाप्तिस्मा द्या, त्याच्यावर माया करा, पण आईबापांनी केलं ते मात्र पाप. म्हणजे फळ गोड आणि झाड वाईट. मी हे अठरा वर्षं तोंड वर करून शिकवलं, ताई. आता नाही शिकवत.

तर, शुक्रवारी बिशपांनी बोलावलंय. कशाला ते उघड आहे. आई विचारत होती, बढती आहे का. मी म्हटलं, तसंच काहीतरी.

घरभेटी अजून चालू आहेत. सकाळी मिस्सा, दुपारपासून दारोदार : प्रार्थना, पवित्र पाणी, दारावर खडूने तीन राजांची आद्याक्षरं, आणि प्रत्येक घरी केक, नको म्हटलं तर राग. पण यंदा मी कार्डं न घेता जातो. पहिल्या दिवशी माझ्या घरचं सगळं पाहणाऱ्या गेनोवेफाबाई जिन्यापर्यंत धावत आल्या.

"फादर, कुटुंबांची कार्डं टेबलावरच राहिली."

"राहू देत."

"मग कुणाचं लग्न चर्चमध्ये झालंय न् कुणाचं नाही, हे कळायचं कसं?"

"विचारेन."

"विचारून कोण खरं सांगतंय? आणि शेऱ्याचा रकाना कोण भरणार?"

"कुणीच नाही."

त्यांनी छातीवर क्रूस केला. वाटेत म्हातारा हिएरोनिम भेटला, रेल्वेतून निवृत्त झालेला. तो म्हणाला, "फादर, आमच्या कार्डावर आधीच्या फादरांनी काय लिहिलंय हो?" मी म्हटलं, वाचलं नाही. "वाचा की. मलाही कळू दे मी कसा आहे ते."

कार्डांबद्दल आणखी लिहायचं होतं. आज नको. आईचा आशीर्वाद.

तुझा,
झेनोन


लिपोवा,
मंगळवार, ३१ जानेवारी २०१७

ताई,

उत्तर येईल अशी अपेक्षा नव्हती, त्यामुळे आलं नाही याचं वाईट वाटलं नाही. (वाटलं. पण ते सोड.)

शुक्रवारी बिशपांकडे जाऊन आलो. मी भांडायच्या तयारीने गेलो होतो आणि त्यांनी स्वतःच्या हाताने चीजकेक कापून माझ्या बशीत वाढला. सेमिनरीत ते माझे शिक्षक होते हे तुला आठवत असेल. माणूस वाईट नाही. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं.

"झेनोन," ते म्हणाले, "तू बाळांबद्दल बोलतोस. छान बोलतोस. पण गोठवून ठेवलेल्या गर्भांचं काय? ते कुणाचेच नाहीत का? त्यांच्यासाठी नगरसभेत कोण उभं राहणार?"

मी म्हणालो, "मला सगळी उत्तरं येत नाहीत, बिशपसाहेब. पण ज्या बाईने अकरा वर्षं वाट पाहिली तिला मी पापी म्हणणार नाही. ते माझ्याच्याने होत नाही."

"होत नाही, की करायचं नाही?"

"करायचं नाही."

तेव्हा त्यांचे सचिव फादर गावेल यांनी फाइल उघडली आणि टेबलावर एक कार्ड ठेवलं. तुमच्या जुन्या धर्मग्रामातलं. तुमच्या रस्त्याचं, तुमच्या घराचं. शेऱ्याच्या रकान्यात माझं अक्षर.

आता ते लिहिणं आलंच. तुला सगळं ठाऊक आहे, तरी मला ते एकदा स्वतःच्या हाताने लिहायचंय. कारण फोनवर तू विचारलं होतंस, "तूच लिहिलंस ना?" आणि मी म्हणालो होतो, "तो नियमच होता, ताई." मी 'हो' म्हणालो नाही.

हो. मीच लिहिलं.

जानेवारी २००३. मी तुमच्याच गावात सहायक धर्मगुरू होतो आणि चिठ्ठ्या टाकून घरभेटींचे रस्ते वाटले त्यात तुमचा रस्ता माझ्या वाट्याला आला. कलिना नऊ महिन्यांची होती. प्रार्थना झाली, पाणी शिंपडून झालं, तू खसखशीचा रोल कापलास, आणि रिशार्द दूध आणायला खाली गेला तेव्हा मला सांगितलंस की पोर कशी झाली. फादर म्हणून नाही सांगितलंस, भाऊ म्हणून सांगितलंस. रडलीसही थोडी. मी कलिनाला मांडीवर घेतलं आणि म्हणालो, "देवानं दिली, बस्स." दोन तुकडे खाल्ले, तिसरा कागदात बांधून नेला.

आणि संध्याकाळी कार्यालयात बसून कार्डं भरली. आमच्या प्रमुख फादरांना रिकामे रकाने खपत नसत, आणि मला शाबासकी आवडायची. मी लिहिलं : "मूल टेस्ट ट्यूबचं. आईने स्वतः सांगितलं." राग नव्हता, द्वेष नव्हता, काही नव्हतं. तुमच्या आधीच्या घरी मी "कुत्रा चावतो" लिहिलं होतं आणि नंतरच्या घरी "आजोबांना ऐकू येत नाही". त्या दोघांच्या मध्ये तू. लिहून झाल्यावर मी हात धुतले आणि जेवायला गेलो. वर्षभरात माझी बदली झाली आणि कार्ड तिथेच खणात राहिलं.

सात वर्षांनी दुसरे फादर तेच कार्ड हातात धरून तुमच्या बैठकीच्या खोलीत उभे राहिले. रिशार्दची आई समोर बसलेली. त्या वर्षी मे महिन्यात कलिनाच्या पहिल्या कम्युनियनचा सोहळा होता, पांढरा झगा शिवायला टाकला होता. त्यांनी कार्ड वाचलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "म्हणजे ही ती टेस्ट ट्यूबमधली का?" तिने आजीला विचारलं, टेस्ट ट्यूब म्हणजे काय. आजी उठून गेली ती पुन्हा तुमच्या घरी आली नाही. हे मला रिशार्दने सांगितलं, शिव्यांसकट. त्यातली एकही शिवी चुकीची नव्हती.

आता फादर गावेल काय म्हणाले ते ऐक. "फादर झेनोन, आम्ही समजू शकतो. घरातलीच गोष्ट आहे. भावनेच्या भरात माणूस वाहवतो." आणि त्यांनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला. पाच फेब्रुवारीच्या रविवारी अकराच्या मिस्सेला मी तो वाचायचा. सहा महिने एखाद्या मठात विश्रांती घ्यायची. मग सगळं माफ, धर्मग्राम परत. नाही वाचला तर सोमवारपासून मी निलंबित.

कागद असा सुरू होतो : "प्रिय भाविकांनो, मी चुकलो आहे. माझ्या हातून घडलेल्या अपराधाबद्दल मी देवाची आणि तुमची क्षमा मागतो." आणि तिसरं वाक्य : "माझ्या कुटुंबातील एका दुर्दैवी प्रसंगामुळे माझा विवेक ढळला."

दुर्दैवी प्रसंग म्हणजे कलिना. पंधरा वर्षांची होईल ना ती एप्रिलमध्ये?

तेव्हा मी काय केलं असेल? ओरडलो नाही. टेबलावरचं कार्ड उचलून खिशात टाकलं. गावेल म्हणाले, "ते दप्तराचं आहे, फादर." मी म्हटलं, "अक्षर माझं आहे." बिशप खिडकीकडे पाहत होते. कार्ड सोबत पाठवतोय. जाळ, फाड, ठेव, तुझी मर्जी. दुसरी प्रत नाही असं गावेल शपथेवर म्हणाले, आणि ते खोटं बोलताना लाल होतात, त्या दिवशी झाले नाहीत.

टाइप केलेला कागदही मी घेऊन आलोय. खरं सांगतो, एकदा मोठ्याने वाचूनही पाहिला. मी शेहेचाळीस वर्षांचा आहे आणि मला दुसरं काहीही येत नाही. मिस्सा करणं मला आवडतं, ताई. सकाळी सातला आठ म्हाताऱ्या आणि मी, आणि बाहेर बर्फ, हे मला फार आवडतं. कागद वाचला नाही तर ते जाईल.

पण तुला दुसऱ्यांदा कागदावर चढवणार नाही. एवढं नक्की.

रविवारी ये. अकराला. आलीस तर मागच्या बाकावर बस, कुणाशी बोलू नकोस, माझ्याशीही नको. तुझ्या देखत बोलायचंय मला, बस्स.

आणखी एक. आईला वाटतं तू उगाच माझ्याशी अबोला धरलास. ती सात वर्षं शेजारणींना सांगते, "मिलाला गर्व झालाय." कार्ड मी लिहिलं हे तिला माहीत नाही. मी तिला तसंच वाटू दिलं. कार्ड लिहायला मला मिनिटही लागलं नव्हतं, ताई. हे मात्र मी रोज केलं, तिच्या हातचं सूप पीत.

झेनोन


लिपोवा,
सोमवार, ६ फेब्रुवारी २०१७

ताई,

तू आलीस. खांबामागे होतीस, तपकिरी कोट, डोक्याला रुमाल. मी वेदीवरून पाहिलं आणि पुस्तकातली ओळ चुकलो.

आणि तू मधूनच उठून गेलीस तेही पाहिलं. मी तो कागद उलगडला, पहिली दोन वाक्यं वाचली, "मी चुकलो आहे, मी क्षमा मागतो", आणि तू उठलीस. दार आपटलंस. तुझ्या जागी मी असतो तर मीही आपटलं असतं. तुला वाटलं, हा वाकला. तुझ्या डोक्यात आज तेच असणार आणि तसंच राहिलं तर मी मेलेला बरा. म्हणून हे पत्र.

ती दोन वाक्यं मी वाचली कारण ती खरी आहेत. मला वाटलं होतं तू तिसऱ्यापर्यंत थांबशील. तुझा स्वभाव मला माहीत असायला हवा होता.

दार बंद झालं आणि मी कागदाची घडी घातली. पुढचं पाठ नव्हतं, जसं आलं तसं बोललो. म्हणालो : "अपराध कुठला ते सांगतो. चौदा वर्षांपूर्वी एका घरी मला मायेनं खाऊ घातलं आणि विश्वासानं एक गोष्ट सांगितली. मी ती कार्डावर लिहिली. त्या कार्डावरून एका सात वर्षांच्या मुलीचा तिच्याच घरात अपमान झाला. तो माझा अपराध. त्याची क्षमा मी मागतो. नगरसभेत बोललो त्याची मागत नाही. शनिवारी बाळांना आशीर्वाद दिले त्याची मागत नाही. उद्यापासून मला गप्प बसायला सांगतील, म्हणून आजच सांगतो : तुमच्यापैकी ज्या कुणाचं मूल तसं झालंय, त्यांनी मान खाली घालायचं कारण नाही. कार्यालयातली आपल्या घराची कार्डं घेऊन जा. खण उघडा ठेवलाय."

नाव घेतलं नाही, गाव सांगितलं नाही.

मग जे झालं ते तू पाहायला हवं होतंस. औषधवालीण बाई उभी राहिली आणि मोठ्याने माळेचा जप सुरू केला. ऑर्गनवाल्याने माझा आवाज दाबायला स्तोत्र वाजवलं, घाईघाईत भलत्याच मोसमातलं, उपासकाळचं. अर्धं चर्च बाहेर गेलं, त्यातलं अर्धं पुन्हा आत आलं, कारण बाहेर उणे अकरा होतं. वित्कोव्स्की मधल्या वाटेत उभा राहून ऑर्गनवाल्याला म्हणाला, "बंद कर रे ते, माणूस बोलतोय." मी मिस्सा पुरी केली. कम्युनियनला एकतीस जण आले. हिएरोनिम सगळ्यात शेवटी, आणि दारातून त्याने ओरडून विचारलं की त्याचं कार्ड आजच मिळेल का.

दुपारपर्यंत खण रिकामा झाला. गेनोवेफाबाईंनीच वाटली कार्डं, तोंड फुगवून, एकेकाचं नाव पुकारत. स्वतःचं त्यांनी सगळ्यांत आधी काढून घेतलं होतं.

मिस्सेनंतर वेदीमागच्या खोलीत आई आली. मी झगा उतरवत होतो. तिने दार लावून घेतलं.

"ते घर मिलाचं ना?"

"हो."

"कार्ड तू लिहिलंस."

"हो, आई."

"सात वर्षं मी माझ्या पोरीला नावं ठेवली. समोरच्या खुर्चीत बसून तू ऐकत होतास."

तिने काठी उचलली, मला वाटलं आता पाठीत बसते, पण ती टेकत टेकत निघून गेली. तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. आज सकाळी गेनोवेफाबाईंमार्फत निरोप आला : तिची गुरुवारची बस आहे, नऊ चाळीसची, दीड वाजता तुमच्याकडे पोचते. तिला उतरवून घ्या. सारण भरलेल्या पिएरोगी करून आणतेय, दोन डबे. मला एकही नाही.

आज बारा वाजता धर्मप्रांताचं पत्र आलं. जाहीर मिस्सा नाही, प्रवचन नाही, कबुली ऐकायची नाही. शनिवारपर्यंत घर रिकामं करायचं. पत्रावर बिशपांची सही होती आणि खाली त्यांनी पेनाने लिहिलं होतं, "मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो." करोत. मीही त्यांच्यासाठी करतो. वित्कोव्स्कीने दुकानावरची खोली देऊ केलीय. सॉसेजच्या वासात राहायचं. शनिवारची बैठक त्याच्या गोदामात भरेल, आणि तिथे मला आशीर्वाद द्यायला बंदी असली तरी बाळ मांडीवर घ्यायला नाही.

आज सकाळी सातला जाग आली. घंटा वाजली, दुसऱ्या कुणी वाजवली. मी उशीत तोंड खुपसून रडलो. हे तुला सांगायला मला लाज वाटत नाही. पण विचारशील की पुन्हा तेच करशील का, तर करीन. फक्त या वेळी तू बसतेस की उठतेस ते आधी पाहीन.

माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नकोस. तो हक्क मी गमावलाय. गुरुवारी आई येतेय, तिला विचार. ती पहिल्या बाकावर होती, तिने शब्दन् शब्द ऐकलाय, आणि सध्या माझ्यावर इतकी चिडलीय की माझ्या बाजूने खोटं बोलायची नाही.

तुझा आणि कलिनाचा अपराधी, दुसऱ्या कुणाचाही नाही,
झेनोन